खरेदीखताच्या दिवशीचे साडेदहा लाख

नाशिकमधला दोन बेडरूमचा रीसेल फ्लॅट, ठरलेली किंमत ४७ लाख ५० हजार. घेणारे सिन्नर तालुक्यातल्या एका शाळेतले शिक्षक आणि त्यांची पत्नी. विकणारं जोडपं निवृत्त, चिपळूणजवळच्या गावी कायमचं राहायला निघालेलं. नावं कुणाचीच लिहीत नाही, त्यांना मी इथे सर आणि काका-काकू म्हणतो. माझा संबंध एवढाच की नोकरी बँकेच्या काउंटरमागे झाली आणि ओळखीपाळखीचे लोक मोठी रक्कम हलवण्याआधी फोन करतात. सरांनीही केला. त्यांचा प्रश्न सरळ होता: "खरेदीखताच्या दिवशी साडेदहा लाख द्यायचेत. एनईएफटी करू की आरटीजीएस?"

दोन्ही एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवायच्या पद्धती, त्यामुळे या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता आलं असतं. पण सगळा व्यवहार मांडून पाहिला तेव्हा कळलं की पद्धत निवडणं हा त्यातला सोपा भाग होता.

पैसे कुठून, कुठे

आधी हिशेब. दसऱ्याला, २ ऑक्टोबर २०२५ ला, टोकन म्हणून ५१ हजार गेले. १० ऑक्टोबरला विसार पावती, म्हणजे खरेदीआधीचा लेखी करार, झाली तेव्हा ४ लाख ४९ हजार देऊन विसाराचे ५ लाख पुरे केले. गृहकर्ज ३२ लाखांचं. उरले १० लाख ५० हजार, ते सरांच्या स्वतःच्या खिशातून, खरेदीखताच्या दिवशी द्यायचे. तारीख ठरली ७ नोव्हेंबर, शुक्रवार, दुपारी ३ ची वेळ. किंमत आणि सरकारी मूल्यांकन दोन्ही ५० लाखांच्या आत असल्यामुळे किमतीतून १ टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापून भरायची भानगड नव्हती. मुद्रांक शुल्क आणि ३० हजार नोंदणी फी ग्रास या सरकारी संकेतस्थळावरून ऑनलाइन भरून झाली होती, तो भाग वेगळा.

हे साडेदहा लाख एका जागी नव्हते. ४ लाख सरांच्या पगाराच्या खात्यात होते, मोठ्या बँकेत, नेटबँकिंगसकट. साडेसहा लाख सिन्नरच्या एका नागरी सहकारी बँकेत मुदत ठेवीत. तिथे नेटबँकिंग नाही, शाखेत जाऊन फॉर्म भरायचा. सरांचा मूळ बेत असा होता की शुक्रवारी सकाळी सिन्नरच्या शाखेत जाऊन तिथूनच थेट काकांना साडेसहा लाख आरटीजीएस करायचे, मग नाशिकला येऊन उरलेले ४ लाख मोबाइलवरून.

या बेतात मला एकच गोष्ट आवडली, ती म्हणजे सर रोख रकमेबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्याला चालत नाही, रोख स्वीकारणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. तरीही "थोडे हातात द्या" म्हणणारा एक नातेवाईक प्रत्येक व्यवहारात असतोच. इथेही होता. काकांनीच त्याला गप्प केलं.

दोन रकमा बिनबोभाट गेल्या

टोकनचे ५१ हजार यूपीआयने गेले, काकांच्या दिवाणखान्यात बसून, पेढा तोंडात असताना. ते बरोबरच होतं. यूपीआयवर एका माणसाने दुसऱ्याला पाठवायची दिवसाची मर्यादा साधारण १ लाख आहे. विमा, शेअर बाजार, कर, शिक्षणसंस्था, रुग्णालयं अशा ठरावीक भरण्यांना ती बरीच वाढवली आहे, पण घर विकणारे काका त्या यादीत बसत नाहीत. दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी आल्यामुळे बँका बंद होत्या, त्याचाही फरक पडला नाही.

विसाराचे ४ लाख ४९ हजार सरांनी नेटबँकिंगवरून एनईएफटीने काकांच्या एकट्याच्या नावावरच्या खात्यात पाठवले. इथे एक गैरसमज सांगतो, कारण तो बँकेत काम करणाऱ्यांच्या तोंडूनही ऐकला आहे: "एनईएफटी दोन लाखांपर्यंतच असतं." तसं नाही. दोन लाख ही आरटीजीएसची खालची मर्यादा आहे, म्हणजे त्याहून कमी रक्कम आरटीजीएसने जात नाही. एनईएफटीला रिझर्व्ह बँकेने वरची मर्यादा घातलेलीच नाही, बँका आपापल्या घालतात. साडेचार लाख एनईएफटीने जाणं पूर्ण नियमात आहे.

आणि त्या दिवशी तेच योग्य होतं. एनईएफटी दर अर्ध्या तासाच्या बॅचमध्ये चालतं, दिवसाला ४८ बॅच. आलेले सगळे आदेश गोळा होतात, बँकाबँकांमधलं देणं-घेणं एकमेकांतून वजा होतं आणि उरलेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या खात्यांत हलते. ती बॅच मिटली की पुढच्या दोन तासांत समोरच्या बँकेने पैसे खात्यात टाकायचे किंवा परत पाठवायचे. उशीर झाला तर रेपो दर अधिक २ टक्के या दराने व्याज ग्राहकाला द्यायचं. विसार पावतीवर सह्या आधीच झाल्या होत्या, दोन तास इकडेतिकडे झाल्याने कुणाचं काही अडत नव्हतं. बचत खात्यावरून ऑनलाइन केलेल्या एनईएफटीला जानेवारी २०२० पासून शुल्कही नाही.

शुक्रवारचा पेच

खरेदीखताचा दिवस वेगळा असतो. काका म्हणत होते, "पैसे खात्यात दिसल्याशिवाय मी सही करणार नाही." सर म्हणत होते, "सही झाल्याशिवाय मी साडेदहा लाख कसे सोडू?" दोघांचंही बरोबर होतं आणि दोघंही भांडखोर नव्हते. या दोन वाक्यांच्या मध्ये जो वेळ जातो त्या वेळात कुणाची तरी मान अडकलेली असते. पैसे पाठवायच्या पद्धतीची निवड मी या वेळावरून करतो. रक्कम नंतर येते. पाठवल्यापासून पोहोचेपर्यंत समोरचा माणूस थांबून राहणार आहे का, थांबला तर काय खोळंबेल, आणि मध्येच काही अडकलं तर अर्धवट अवस्था कशी असेल, हे आधी विचारायचं.

त्या नजरेने पर्याय पाहिले.

आयएमपीएस ही लगेच पैसे पाठवायची पद्धत. ते क्षणात पोहोचतं, २०१० पासून आहे, रात्री-बेरात्री चालतं, आणि २०२१ मध्ये त्याची मर्यादा २ लाखांवरून ५ लाख झाली. साडेदहा लाखांसाठी तीन तुकडे करावे लागले असते: ५, ५ आणि अर्धा. सरांच्या मुलाला हेच आवडत होतं, "लगेच दिसतं ना". मला ते पटलं नाही. तीन तुकड्यांतला मधला "पेंडिंग" दाखवायला लागला तर? पैसे आपल्या खात्यातून गेलेले, समोर पोहोचलेले नाहीत, आणि वकिलांच्या ऑफिसात दोन कुटुंबं एकमेकांकडे बघत बसलेली. अडकलेला आयएमपीएस बँकेने फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत उलटवायचा, नाहीतर पुढे रोज १०० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. पाच लाख लटकलेले असताना त्या शंभर रुपयांचं काय करायचं? शिवाय मर्यादा ५ लाख असली तरी नव्या खात्यासाठी पहिल्या दिवशी बँका ती बरीच खाली ठेवतात.

एनईएफटी एका तुकड्यात गेलं असतं. पण दुपारी सव्वाला पाठवलं तर दीडची बॅच, आणि वाईटात वाईट धरलं तर साडेतीन. नोंदणीची वेळ तीनची. एरवी एनईएफटी दहा-पंधरा मिनिटांत येतं हे खरं, पण "एरवी" वर विसंबून काकांना सही करायला सांगता येत नाही.

काकांनी धनाकर्षाचा, म्हणजे डीडीचा विषय काढला. जुन्या पिढीला डीडी हातात आला की पैसे आल्यासारखं वाटतं. तो कागद खात्यात भरून, वटून, मग पैसे होतात, हे त्यांनाही माहीत होतं. कर्जाचे ३२ लाख सरांची बँक डीडीनेच देणार होती, त्यात आमचं काही चालणार नव्हतं. आणखी एक डीडी कशाला?

राहिलं आरटीजीएस. २००४ पासूनची ही व्यवस्था मोठ्या रकमांसाठीच आहे. बॅच नाही, वजाबाकी नाही. प्रत्येक आदेश एकटा, पूर्ण रकमेने रिझर्व्ह बँकेच्या खात्यांत हलतो आणि हलला की तो अंतिम. समोरच्या बँकेला संदेश मिळाल्यापासून अर्ध्या तासात खात्यात जमा करायचं असतं, आणि जमा करता येत नसेल तर तासाभरात परत पाठवायचं. १४ डिसेंबर २०२० पासून ते चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालतं. एक तुकडा, अर्धा तास, आणि त्या व्यवहाराची ओळख सांगणारा एक यूटीआर क्रमांक. सरांना म्हटलं, शुक्रवारसाठी हेच.

पण सिन्नरच्या शाखेतून थेट काकांना नको. चोवीस तास चालते ती व्यवस्था, शाखा नाही. शाखेची काउंटरची वेळ असते, फॉर्म भरणारा, तपासणारा, मंजुरी देणारा असे हात असतात, आणि अनेक नागरी सहकारी बँका आरटीजीएसच्या थेट सदस्य नसतात, त्यांचा आदेश प्रायोजक मोठ्या बँकेमार्फत जातो. त्यामुळे त्यांची वेळ आणखी अलीकडे संपते. शुक्रवारी सकाळी तिथे लाइट गेली किंवा मॅनेजर मीटिंगला गेले की नाशिकचं सगळं कोलमडलं. म्हणून ठरवलं की ठेव आधी मोडायची आणि साडेसहा लाख मंगळवारी, ४ नोव्हेंबरला, सरांच्याच पगाराच्या खात्यात आणून ठेवायचे. स्वतःकडून स्वतःकडे जाणाऱ्या पैशात कुणाची सही अडकत नाही, चुकलं तर दुरुस्त करायला दोन दिवस हातात. बुधवारी गुरुनानक जयंतीची सुट्टी होती, म्हणून मंगळवार. शाखेतून केलेल्या आरटीजीएसला ५ लाखांच्या वर जास्तीत जास्त साडेएकोणपन्नास रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतं. सरांकडून ५८ रुपये ४१ पैसे घेतले. ते पैसे वाचवायला ठेवीच्या बँकेतून थेट पाठवायचा विचार काही लोक करतात, त्यांना मी हात जोडतो.

सोमवारीच सरांना नेटबँकिंगची दिवसाची मर्यादा वाढवून घ्यायला सांगितलं. खात्यात पैसे आहेत, पण मर्यादा ५ लाखांचीच आहे, हे खरेदीखताच्या टेबलावर कळलेले लोक मी पाहिले आहेत.

एक रुपया कुठे गेला

इथवर सगळं वहीतल्यासारखं चाललं होतं. सोमवारी रात्री काकांचा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला: आधीच्या खात्यात नको, आमच्या दोघांच्या संयुक्त खात्यात पाठवा. सोबत पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो.

शेवटच्या दोन दिवसांत खातं बदलल्याचा निरोप येणं, हा फसवणुकीचा जुना साचा आहे. कुणीतरी मध्ये शिरून बरोबर वेळ साधतो आणि स्वतःचा खाते क्रमांक देतो. म्हणून सरांना सांगितलं की निरोपाला उत्तर देऊ नका, नेहमीच्या नंबरवर फोन लावून आवाज ऐका. सरांनी लावला. निरोप काकांचाच होता. घर दोघांच्या नावावर, मग पैसे दोघांच्या खात्यात असावेत असं काकूंचं म्हणणं पडलं होतं, आणि ते रास्त होतं.

मंगळवारी सरांचा मला उत्साहाने फोन: "तपासणी झाली. एक रुपया जीपे केला, काकांना मिळाला."

मी विचारलं, कुठल्या खात्यात मिळाला? आणि इथे गाडी थांबली.

सरांनी रुपया काकांच्या मोबाइल नंबरावर पाठवला होता. यूपीआयवर मोबाइल नंबराला पाठवलेले पैसे त्या नंबराला जोडलेल्या मुख्य खात्यात जातात. काकांचं यूपीआय त्यांच्या जुन्या, एकट्याच्या खात्याला जोडलेलं. रुपया तिथेच गेला. संयुक्त खात्याचा क्रमांक सरांनी कुठेच टाइप केला नव्हता, त्यामुळे तो बरोबर आहे की चूक हे तपासलंच गेलं नव्हतं. आणि तरीही दोन्ही घरांना वाटत होतं की खात्री झाली. या अख्ख्या प्रकरणातली सगळ्यात धोक्याची घडी मला हीच वाटते. चाचणी झालीच नसती तर माणूस निदान बिचकून चालला असता.

ज्या खात्यात मोठी रक्कम जाणार आहे त्याच खाते क्रमांकावर आणि त्याच आयएफएससीवर, म्हणजे बँक शाखेच्या संकेतावर, रुपया पाठवला तरच ती चाचणी. आयएमपीएसने पाठवला तर लगेच कळतं. हे एवढं काटेकोर का, तर पैसे नावावर जात नाहीत, क्रमांकावर जातात. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१० मध्येच बँकांना सांगितलं आहे की इलेक्ट्रॉनिक भरणा केवळ खाते क्रमांकावरून जमा करता येईल आणि क्रमांक बरोबर देणं ही पाठवणाऱ्याची जबाबदारी. फॉर्मवर नाव काकांचं आणि क्रमांक भलत्याचा असेल तर पैसे भलत्याकडे जातात. मग बँक त्या माणसाला विनंती करते. त्याच्या संमतीशिवाय परस्पर काढून घेऊ शकत नाही, आणि आरटीजीएस तर मागे घेताच येत नाही. वेगवान पद्धत चुकीच्या खात्यातही तितक्याच वेगाने पोहोचते.

बुधवारी सर संयुक्त खातं नेटबँकिंगमध्ये जोडायला बसले. आयएफएससी स्वीकारेना. पासबुक जुनं होतं, विलीन झालेल्या एका सरकारी बँकेच्या काळातलं. २०१९ आणि २०२० मध्ये देना आणि विजया बँक ऑफ बडोदात गेल्या, सिंडिकेट कॅनरात, आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियनमध्ये, अलाहाबाद इंडियन बँकेत, ओरिएंटल आणि युनायटेड पंजाब नॅशनलमध्ये. त्यांचे जुने आयएफएससी पुढे बंद झाले, काही ठिकाणी खाते क्रमांकही बदलले. अकरा अक्षरांच्या त्या संकेतात पहिली चार अक्षरं बँकेची असतात. बँकच उरली नाही तर संकेत कसा उरेल? मात्र घरोघरी कपाटात पासबुक तेच असतं, आणि त्याचाच फोटो पाठवला जातो. सुट्टी असल्यामुळे काकांना शाखेत जाऊन विचारता येईना.

गुरुवारी सकाळी काकूंनी त्या खात्याचं नवं चेकबुक शोधून काढलं. त्यातल्या एका चेकवर आडव्या रेघा मारून त्याचा फोटो. नवा आयएफएससी मिळाला, आणि पासबुकातला खाते क्रमांक चेकवरच्याशी जुळतोय हेही दिसलं. सरांनी अकरा वाजता खातं जोडलं. त्यांच्या बँकेत नव्या खात्याला मोठी रक्कम पाठवायला चोवीस तास थांबावं लागतं, म्हणजे शुक्रवारी सकाळी अकरा. तीनच्या आधी बसत होतं, पण जेमतेम. रेघा मारलेला चेक सोमवारच्या निरोपासोबतच मागितला असता तर हा जीव टांगणीला लागला नसता.

खातं जोडताना सरांना आणखी एक धक्का बसला. १ एप्रिल २०२५ पासून आरटीजीएस आणि एनईएफटीच्या बँकांनी पाठवणाऱ्याला समोरच्या खात्याचं नाव आधी दाखवायचं असतं, मोफत. सरांनी काकांचं नाव टाइप केलं होतं, पडद्यावर आलं काकूंचं. सर दचकले. खुलासा साधा होता: संयुक्त खात्यात पहिलं नाव काकूंचं आणि बँकेच्या नोंदीत तेच दिसतं. पण दचकले हे उत्तम झालं. ही सोय आल्यापासून मी प्रत्येकाला सांगतो की ते नाव वाचायचं, "ओके" घाईने दाबायचं नाही. नाव वेगळं निघालं तर दोन मिनिटं फोन करून का वेगळं ते समजून घ्यायचं. काकूंना फोन झाला, मग आयएमपीएसने एक रुपया गेला आणि या वेळी काकूंच्या मोबाइलवर, संयुक्त खात्याच्या शेवटच्या चार आकड्यांसकट, मेसेज आला.

विसार पावतीत जुन्या खात्याचा उल्लेख होता. वकिलांनी खरेदीखताच्या मसुद्यात "विक्रेत्यांच्या संयुक्त खात्यात" अशी दुरुस्ती केली आणि नवा क्रमांक घातला.

शुक्रवार

"आधी सही की आधी पैसे" याचं उत्तर बँकेकडे नव्हतं, वकिलांकडे होतं. दस्तावर सही होणं आणि दस्त नोंदला जाणं या दोन वेगळ्या घटना आहेत. सही झालेला दस्त नोंदणीला सादर करायला कायद्याने चार महिने दिले आहेत, आपल्याला दोन तास पुरणार होते. वकिलांनी दस्ताच्या भरण्याच्या परिच्छेदात यूटीआर क्रमांकाची जागा कोरी ठेवली. त्यांच्याच ऑफिसात एक वाजता सगळ्यांनी सगळ्या पानांवर सह्या केल्या, दस्त वकिलांच्या ताब्यात राहिला. काकांनी सही केली, पण कागद सरांच्या हातात गेला नाही. सरांनी पैसे सोडले, पण सही झालेली पाहून.

एक वाजून बारा मिनिटांनी सरांनी साडेदहा लाखांचा आरटीजीएस पाठवला. पाठवण्याआधी पुन्हा नाव पाहिलं, काकूंचंच. पाच-सहा मिनिटांत काकूंचा फोन वाजला. काकांनी तो हातात घेऊन आकड्यातली शून्यं बोटाने मोजली. नंतर काकूंनीही मोजली. सरांच्या मोबाइलवर आलेला बावीस अक्षरांचा यूटीआर वकिलांनी कोऱ्या जागेत पेनाने लिहिला आणि त्यापुढे दोन्ही बाजूंच्या लहान सह्या घेतल्या. एवढा लांबलचक क्रमांक हाताने लिहिताना चुकतो, म्हणून सरांच्या मुलाने मोठ्याने वाचून दाखवला आणि दुसऱ्याने ताडून पाहिला. यूटीआर म्हणजे त्या पैशाची एकमेव ओळख. उद्या वाद झाला, आयकराची नोटीस आली, कुठलीही बँक विचारायला लागली, तरी शोध त्यावरूनच सुरू होतो. मेसेजचा स्क्रीनशॉट हा त्याला पर्याय नाही, बँकेच्या खातेउताऱ्यातली ओळ लागते.

तीनला सगळे दुय्यम निबंधकांच्या कचेरीत. अंगठे, फोटो, कबुली. सव्वाचारला दस्त नोंदून झाला. कर्जाच्या बँकेचे अधिकारी ३२ लाखांचा डीडी घेऊन आले होते, तो नोंदणी झाल्यावर काकांच्या हातात गेला.

इथे मला एक वाद राहून गेल्यासारखा वाटतो. कर्जाचे ३२ लाख बँकेने थेट आरटीजीएसने पाठवले असते तर काय बिघडलं असतं? अनेक बँका तसं करतात, विक्रेत्याचं पत्र आणि रेघा मारलेला चेक घेऊन. या बँकेचं म्हणणं, नोंदणी झाल्याचं पाहूनच रक्कम सोडायची, आणि डीडी हातात ठेवून थांबता येतं, आरटीजीएस एकदा सोडला की थांबवता येत नाही. ऐकायला पटतं. पण त्याचा भार काकांवर पडला. सव्वाचारला हातात आलेला डीडी त्या दिवशी भरायला शाखा उरली नाही. शनिवार ८ नोव्हेंबर, महिन्यातला दुसरा, बँका बंद. मग रविवार. ऑक्टोबर २०२५ पासून चेक आणि डीडी भरल्याच्याच दिवशी वटायला लागले आहेत, पण भरला तर. म्हणजे किमतीचा दोन तृतीयांश भाग तीन रात्री काकांच्या कपाटात कागदाच्या रूपात पडून राहणार होता, आणि घर मात्र नोंदणीने सरांचं झालेलं. साडेदहा लाखांसाठी आम्ही मिनिटं मोजत बसलो आणि ३२ लाखांना तीन दिवस लागले. बँकेचा अधिकारी नोंदणी कचेरीत हजर होताच, त्याने तिथून फोन करून आरटीजीएस सोडायला लावला असता तर पाचच्या आत विषय संपला असता. रक्कम कर्जाची असली तरी कोणत्या पद्धतीने सोडणार हे मंजुरीच्या वेळी विचारून घ्यावं, तेव्हा बदल करून मिळतो, नोंदणीच्या दिवशी मिळत नाही.

काकांनी त्यावर स्वतःच तोडगा काढला. किल्ल्या शुक्रवारी दिल्या नाहीत. तसं विसार पावतीतही लिहिलेलं होतं: ताबा पूर्ण मोबदला मिळाल्यावर. सरांनी कुरकुर केली नाही.

सोसायटीचं हस्तांतरण शुल्क, कमाल २५ हजार, सरांनी त्याच संध्याकाळी एनईएफटीने सोसायटीच्या खात्यात भरलं. तिथे कुणी घड्याळाकडे बघत नव्हतं. एजंटाची दलालीही एनईएफटीने दिली, त्याच्याकडून पावती मिळाल्यावर.

सोमवारी सकाळी साडेदहाला काकांनी डीडी भरला. संध्याकाळी काकूंच्या मोबाइलवर ३२ लाखांचा मेसेज आला आणि मंगळवारी ताबा पावतीवर सह्या झाल्या. चाचणीचा तो चुकीच्या खात्यात गेलेला एक रुपया काकांनी सरांना यूपीआयने परत पाठवला.